कोपीवरची डिश

दसरा झाला की आमच्या शाळेतली हजेरी कमी व्हायला लागते. आधी एक-दोन मुलं, मग दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदम दहा-बारा. कारण कुणाला विचारावं लागत नाही. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या कुठल्याही गावात या दिवसांत संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उभं राहा, कारण तुमच्या समोरून जाईल. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्या. त्यात बांबू, ताडपत्री, पत्र्याची पेटी, ज्वारी-बाजरीची पोती, चूल, पाण्याचे ड्रम, कोंबड्या, शेळी, एखादं कुत्रं आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. आणि अगदी वर, सुतळीने आवळून बांधलेली टीव्हीची डिश.

ही डिश पाहून बाहेरची माणसं हसतात. मागे एका पाहुण्याने मला विचारलं होतं, "खायला नाही म्हणतात आणि डिश कशाला पाहिजे?" तेव्हा मला काही बोलता आलं नाही. आज येईल. म्हणूनच हा लेख.

गोष्ट 2023 च्या हंगामाची आहे. माझ्या सहावीच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील संध्याकाळी घरी आले. मुसलमान म्हटलं की लोकांना फळांची गाडी, गॅरेज, चिकनचं दुकान आठवतं. ऊस तोडणारा मुसलमान पुष्कळांच्या डोळ्यांसमोर येत नाही. आमच्या गावात अशी सात-आठ घरं आहेत. वंजारी, बंजारा, दलित टोळ्यांबरोबर तीही जातात, त्याच ट्रॉलीत बसतात, तीच उचल घेतात, तोच खाडा भरतात. तर हे गृहस्थ दारात चप्पल काढून उंबऱ्याजवळ बसले. चहा झाला. मग म्हणाले, "सर, एक मशवरा लेना था. डिश लेना के मोबाईल लेना?"

घरात जुना टीव्ही होता, पण आदल्या हंगामात परत येताना ट्रॉलीतच तो फुटला. सेट टॉप बॉक्सही जळला होता. डिशची नुसती परात उरली होती. उचलीतले चारेक हजार त्यांनी बायकोच्या संमतीने बाजूला ठेवले होते. तेवढ्यात एकतर जुना चोवीस इंची टीव्ही, नवा बॉक्स आणि थोडी केबल येत होती, नाहीतर एक जुना स्मार्टफोन. दोन्ही मिळून शक्य नव्हतं. त्यांच्याकडे तोवर बटनांचा साधा फोन होता. घरात एकूण माणसं पाच. नवरा-बायको, त्यांची म्हातारी आई, माझी विद्यार्थिनी आणि तिचा दोन वर्षांचा भाऊ. पाचही जण पाच-सहा महिने कोपीत राहणार.

हा प्रश्न जगात फक्त आमच्याच लोकांना पडतो असं मला वाटायचं. नंतर कळलं की तसं नाही. अमेरिकेत चाकावरची घरं असतात, त्यांना आरव्ही म्हणतात. आत पलंग, स्वयंपाकघर, संडास, सगळं. निवृत्त झालेली जोडपी घर विकून अशा गाडीत राहायला लागतात आणि देशभर फिरतात. यूट्यूबवर त्यांचे ढीगभर व्हिडिओ आहेत. त्यांच्यातही मोठा वाद हाच, की गाडीच्या टपावर सॅटेलाइटची डिश लावावी की इंटरनेटवरून टीव्ही पाहावा. झाडाखाली गाडी लावली की डिशला आकाश दिसत नाही, आणि रानात गेलं की मोबाईलचं नेटवर्क जातं. आता तर आकाशातूनच इंटरनेट देणारं स्टारलिंकही काही जण टपावर बसवतात. मी ते व्हिडिओ पाहताना मनात म्हटलं, प्रश्न एकच आहे. फरक इतकाच, की त्यांनी हौसेने घराला चाकं लावली आहेत आणि आमच्या लोकांच्या घराला चाकं लागली ती पोटापायी.

मी सल्ला दिला, मोबाईल घ्या.

दोन्हींतला फरक मी त्यांना वर्गात सांगतो तसा समजावून सांगितला होता. डिशचा उपग्रह जमिनीपासून जवळपास छत्तीस हजार किलोमीटर वर असतो आणि पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे आपल्याला तो एकाच जागी थांबल्यासारखा वाटतो. म्हणून डिश एकदा नीट लावली की हलवावी लागत नाही. तो वरून सगळ्यांसाठी एकच पाऊस पाडतो. खाली एक परात धरा की लाख, त्याला फरक पडत नाही. दूरदर्शनच्या फ्री डिशला तर महिन्याचं भाडंही नाही. एकदा बॉक्स घेतला की झालं. मोबाईलचं तसं नाही. तिथे ज्याला जे पाहायचं ते त्याच्यासाठी वेगळं मागवावं लागतं. विहिरीतून प्रत्येकाने आपापली घागर शेंदावी तसं. टॉवर जवळ पाहिजे, टॉवरवर गर्दी नको आणि रिचार्ज पाहिजे. रोज दीड जीबीचा अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज तेव्हा दोनशे चाळीसच्या आसपास होता. पुढे जुलै 2024 मध्ये कंपन्यांनी दर वाढवले आणि तो तीनशेला टेकला. साध्या प्रतीचा व्हिडिओसुद्धा तासाला अर्धा जीबी किंवा थोडा जास्तच खातो. म्हणजे दोन-तीन तासांत दिवसाचा कोटा संपला.

हे सगळं माहीत असूनही मी मोबाईल म्हणालो. कारण माझ्या डोक्यात टीव्ही म्हणजे करमणूक होती आणि मोबाईल म्हणजे शिक्षण. मी म्हणालो, "मी रोज व्हॉट्सअ‍ॅपवर धडा पाठवीन. पोरीने तो सोडवून फोटो काढून पाठवायचा. टीव्ही काय, नुसत्या मालिका. टीव्ही उलट बोलत नाही." त्यांना ते पटलं. खरं म्हणजे पटलं असं नाही, सर म्हणाले म्हणून त्यांनी ऐकलं. गावातल्या माणसाने मास्तरचं ऐकण्यात जो विश्वास असतो तो मास्तरला फार उशिरा कळतो.

मला एक कबुली द्यायची आहे. बी.एड.ला शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या पेपरात मी 'साइट' प्रयोगावर टीप लिहिली होती आणि तिला चांगले मार्क मिळाले होते. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 हे एक वर्ष, सहा राज्यांतली जवळपास चोवीसशे खेडी, नासाचा उपग्रह आणि आपल्या इस्रोने बनवलेल्या कोंबडीच्या जाळीच्या मोठाल्या डिश. शेजारच्या आंध्र आणि कर्नाटकातलीही खेडी त्यात होती. खेड्यातल्या मुलांना आणि शेतकऱ्यांना शिकवण्यासाठी उपग्रहाचा टीव्ही जगात पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर वापरला गेला तो आपल्याकडे. म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांत डिश आली ती आधी शाळा म्हणून, मालिका नंतर आल्या. परीक्षेत हे मी सुंदर अक्षरात लिहिलं होतं. दारात माणूस खरा प्रश्न घेऊन आला तेव्हा मला त्यातलं काही आठवलं नाही.

कोविडचा अनुभव तर ताजाच होता. 2020 मध्ये आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यास पाठवत होतो आणि वर्गातल्या निम्म्या घरांत स्मार्टफोनच नव्हता. ज्या घरात होता त्या घरात तो वडिलांच्या खिशात होता. त्याच जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं, तेव्हा मराठी माध्यमाचं असूनही आमची उर्दू शाळेची मुलं ते पाहायची आणि मला येऊन सांगायची. हेही मी विसरलो.

त्या मुलीला गावातच ठेवता आलं असतं का? हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आईबाप ऊसतोडीला गेले तरी मुलं गावात राहतात, शाळेतून त्यांच्या जेवणाची सोय होते आणि रात्री ती नातेवाइकांकडे झोपतात. पण त्यासाठी गावात घरचं कुणीतरी पाहिजे. इथे दादीच टोळीबरोबर जात होती, कारण दोन वर्षांच्या पोराला सांभाळायला दादी आणि दादीच्या मदतीला ही. सहावीतली मुलगी ऊसतोडीच्या हिशेबात मोजली जात नाही, कारण कोयता म्हणजे नवरा-बायको. पण तिच्याशिवाय तो कोयता चालत नाही.

नोव्हेंबरमध्ये तिचे दोन फोटो आले. एक गणिताचा, एक मराठीचा. मी दोन्हींवर 'शाबास' लिहून पाठवलं. मग एक व्हॉइस मेसेज आला, त्यात मागे लहान भाऊ रडत होता. त्यानंतर काही नाही. माझे धडे जात होते, पण त्यांच्यावर एकच टिक असायची. दोन टिक झाल्या तर त्या निळ्या होत नव्हत्या. मला राग आला. मी मनाशी म्हणालो, एवढं करून यांना शिकायचंच नाही.

जानेवारीत 26 तारखेला शुक्रवार होता. झेंडावंदन केलं, जुम्म्याची नमाज झाली, शनिवारची रजा टाकली आणि संध्याकाळची एसटी धरून सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी गेलो. आमच्या गावच्या टोळ्या तिकडे होत्या.

सकाळी पोचलो तेव्हा तळावर मोठं माणूस जवळपास नव्हतंच. पंचवीस-तीस कोप्या, बांबूच्या कमानींवर ताडपत्री ओढलेली, दार म्हणजे लुगड्याचा पडदा. बायका पहाटे तीनला उठून भाकरी करतात आणि अंधारातच फडात जातात. मागे राहतात म्हातारे आणि मुलं. माझी विद्यार्थिनी भावाला काखेत घेऊन हापशावर उभी होती. मला पाहून ती घाबरली. तिला वाटलं, मी ओरडायला आलो.

"अब्बा फोन लेके जाते," ती म्हणाली. बस, एवढंच. आणि या चार शब्दांत माझी सगळी योजना संपली.

जुन्या फोनमधलं सिम नव्यात घातलं होतं. मुकादमाचा निरोप, कुठल्या फडात जायचं, गाडी कधी लागणार, ट्रॅक्टरवाल्याने पाठवलेलं लोकेशन, सगळं त्याच फोनवर. तो फडात गेला नाही तर खाडा पडायचा. रात्री आठ-नऊला वडील परत आले की फोनची बॅटरी संपलेली. तळावर वीज नव्हती. चार्जिंगला रस्त्यावरच्या टपरीत द्यायचा तर दहा रुपये. कधी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावायचा. चार्ज झाला तर वडील अर्धा तास रील पाहता पाहता झोपून जायचे. त्यांना दोष कसा देणार? दिवसभर मोळ्या वाहून ज्याची मान आखडली आहे त्याला मी सांगू, की रात्री मुलीला अपूर्णांकाचा व्हिडिओ दाखवा?

दुपारी दादीशी बोलत बसलो. त्यांनी मला गुळाचा काळा चहा दिला. मग त्या जे बोलल्या ते मी आजपर्यंत कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही. म्हणाल्या, "बेटा, पैले डिश थी तो किबला मालूम रैता था."

मला आधी कळलं नाही. मग त्यांनी हाताने दाखवलं. ऊसतोडीत तळ बदलतो. एका ठिकाणचा ऊस संपला की दुसरीकडे. नवीन जागी पहाटे अंधारात फज्रला उठावं तर पश्चिम कुठे ते कळत नाही. पण डिश सगळीकडे एकाच दिशेला तोंड करून असते. फ्री डिशचा जीसॅट-15 उपग्रह आपल्या आग्नेयेला आहे. म्हणजे डिशचं तोंड आग्नेयेला आणि पाठ वायव्येला. डिशच्या पाठीमागे पाहत उभं राहायचं आणि थोडं डाव्या हाताला वळायचं, की किबला. मी घरी येऊन नकाशावर मोजलं. सांगलीकडून मक्केची दिशा पश्चिमेच्या चौदा-एक अंश उत्तरेला येते, आणि दादीचं "थोडं डावीकडे" म्हणजे साधारण तीस अंश. त्यांचा अंदाज जवळजवळ अचूक होता. उलट सूर्यावर भरवसा ठेवला असता तर डिसेंबरात चूक झाली असती, कारण हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येकडे सरकून मावळतो.

मी म्हणालो, "दादी, मोबाईलमध्ये किबल्याचं ॲप असतं." त्या हसल्या. मुलीने सांगितलं, अब्बांनी टाकून पाहिलं होतं, काटा हलतच नाही. ते खरं असणार. स्वस्तातल्या पुष्कळ फोनांत होकायंत्राचा सेन्सरच नसतो. आणि असता तरी फोन फज्रच्या वेळी फडाच्या वाटेवर.

संध्याकाळी अंधार पडल्यावर तळावर एक आवाज सुरू झाला. चार कोप्या पलीकडे एका वंजारी कुटुंबाची डिश होती. पाटीत माती-दगड भरून त्यात डिशचा पाय रोवलेला, वर एक सोलर पॅनल, आत ट्रॅक्टरची जुनी बारा व्होल्टची बॅटरी आणि तिच्यावर चालणारा टीव्ही. दारावरचा पडदा वर बांधलेला होता. आत सात-आठ मुलं, बाहेर पाच-सहा. आमची मुलगी बाहेरच्यांत, भाऊ काखेत. त्या घरच्या बाईने मला पाहून आतूनच हाक दिली, "या गुरुजी, बसा की." आणि मुलीला म्हणाली, "तू वाच गं आता, बातम्या लागल्या."

सह्याद्रीच्या बातम्या होत्या. पडद्याच्या तळाशी पट्टी सरकत होती. आणि माझी सहावीची विद्यार्थिनी, उर्दू माध्यमाची, जिला वर्गात मराठीचा परिच्छेद वाचायला उभं केलं की ओढणीचं टोक तोंडात जायचं, ती ती सरकती पट्टी मोठ्याने वाचत होती. त्या घरातल्या आजोबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी हे काम तिला लावलं होतं. पट्टी थांबत नाही. शब्द अडला की तो निघून जातो. म्हणून ती अडत नव्हती. "अवकाळी", "मंत्रिमंडळ", "हमीभाव". जोडाक्षरं ती सोडवत नव्हती, सरळ गिळत होती. एक-दोनदा चुकली तेव्हा आजोबांनीच सुधारलं, कारण वाचता येत नसलं तरी शब्द त्यांचे होते.

मी पंधरा-सोळा वर्षं उर्दू शाळेत मराठी शिकवतो. आमच्या मुलांचं मराठी का अडतं यावर मी प्रशिक्षणात भाषणं ऐकली आहेत आणि दिलीही आहेत. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी. वाचायला बाराखडी वेगळी, लिहायची दिशा उलटी. हे सगळं खरं आहे. पण त्या रात्री मला दिसलं, की तिला कुणीतरी ऐकणारं पाहिजे होतं आणि वाचण्याला काहीतरी कारण पाहिजे होतं. ते एका शेजाऱ्याच्या डिशने दिलं. मी जो टीव्ही घेऊ नका म्हणालो होतो, तो तिने दुसऱ्याच्या दारात उभं राहून पाहिला.

डिशची आरती ओवाळावी असं मला म्हणायचं नाही. तिचे दोष आहेत. जोराचा पाऊस आला की चित्राचे तुकडे होतात. पाय जरासा हलला की सिग्नलची रेघ खाली येते आणि मग एक जण वर डिश धरून "आला का?" आणि आतून सगळे "नाही, नाही, थोडं इकडे". फ्री डिशवर सरकारच्या शैक्षणिक वाहिन्या आहेत, एक इयत्ता एक वाहिनी, पण त्यांच्या भाषेत आणि आमच्या मुलांच्या भाषेत अंतर आहे. डीडी उर्दू आहे, पण ती शाळा नव्हे. आणि टीव्ही उलट बोलत नाही हे माझं म्हणणंही चुकीचं नव्हतं. मुलीचं उत्तर बरोबर की चूक हे तो सांगत नाही. ते काम मोबाईल करू शकतो. पण एक गोष्ट मला तळावर जाऊनच कळली. मोबाईल हा माणसाचा असतो, टीव्ही हा घराचा असतो. घरात पाच माणसं आणि वस्तू एक असेल, तर ती वस्तू खिशात मावणारी नसावी.

रविवारी परत निघताना मी मुलीच्या वडिलांना म्हणालो, "माझं चुकलं." ते गोंधळले. मास्तर चुकलं म्हणाल्यावर काय बोलायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. म्हणाले, "नै सर, फोन भी काम आया." आणि ते खरंही होतं. मार्चमध्ये रमजान लागला तेव्हा सहरी-इफ्तारीच्या वेळा त्या फोनवरूनच तळावरच्या दोन-तीन घरांना कळल्या.

पुढच्या हंगामाआधी आम्ही नीट बसून विचार केला. 2024 च्या दिवाळीआधी त्यांनी जुना टीव्ही आणि नवा बॉक्स घेतला. परात होतीच. शेजारच्या वंजारी कुटुंबाने बॅटरीत भागीदारी कबूल केली. एका गोष्टीचा शोध मात्र मला दुकानात उभा असताना लागला. या स्वस्त बॉक्सना मागच्या बाजूला पेन ड्राइव्ह लावायची जागा असते. त्यात व्हिडिओ असेल तर तो टीव्हीवर चालतो, नेटवर्क नको, रिचार्ज नको. मी फोनवर माझे धडे रेकॉर्ड करायला सुरुवात केली. गणिताचे उर्दूत, मराठीचे मराठीत. पहिल्यांदा बॉक्सने एकही व्हिडिओ उघडला नाही, कारण फोनच्या व्हिडिओचा प्रकार त्याला वाचता येत नव्हता. माझ्या पुतण्याने ते सगळे लॅपटॉपवर बदलून दिले. दहा-बारा मिनिटांचे चाळीस धडे. मागे माझ्या बायकोच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. मुलांना तोच भाग सगळ्यात जास्त आवडला असं नंतर कळलं.

त्या हंगामात धडे त्या एकाच मुलीने पाहिले नाहीत. पडदा वर बांधलेला असल्यामुळे तळावरच्या मराठी शाळेतल्या मुलांनीही पाहिले. गणिताचा धडा उर्दूत आहे हे त्यांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. आकडे तर फळ्यावर तेच होते. उत्तरं तपासायचं राहिलं, तर ती एका वहीत लिहून ठेवायची आणि वडील पंधरा दिवसांनी एकदा चार पानांचे फोटो पाठवायचे. दोन्ही वस्तू आपापल्या जागी राहिल्या तेव्हा दोन्ही उपयोगी पडल्या.

एप्रिलमध्ये ती परत आली. वयाच्या मानाने उंच झालेली. मी वर्गात मराठीचा उतारा वाचायला सांगितला. तिने तो बातम्या वाचतात तसा वाचला, शेवटच्या शब्दावर जरा आवाज चढवून. वर्ग हसला. ती हसली नाही.

पण डिशने सगळे प्रश्न सुटत नाहीत. या वर्षी ती आठवीत गेली. आमच्याकडे आठवी हे मुलींसाठी धोक्याचं वळण आहे. गावात पुढे वर्ग नाहीत आणि हंगामावर जाणारी पंधरा वर्षांची मुलगी कोपीत एकटी कशी ठेवायची, ही आईबापांची खरी भीती आहे. तिच्यावर त्यांना ठाऊक असलेला उपाय म्हणजे लग्न. लग्न झालं की नवा कोयता तयार. गणेशोत्सवाच्या सुमारास एक स्थळ येऊन गेल्याचं माझ्या कानावर आलं. मी त्यांच्या घरी गेलो. कायदा सांगितला. कायद्याने घरात शांतता पसरली, पण कुणाचं मन बदललं नाही.

मन बदललं दादीचं. का, ते मला नक्की सांगता येत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "मैं रैती हूं इधर. मेरे से अब ट्रॉली में चढ़ना होता नै. पोरी मेरे पास रैगी." धाकटा भाऊ आता चार वर्षांचा, तो आईबरोबर जाईल, तळावर मोठी मुलं आहेत. म्हणजे घरात एक मोठं माणूस राहिलं आणि हंगामी वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव आलं. स्थळाचं काय झालं ते मी विचारलं नाही. पुढच्या वर्षी नववीला कुठे जायचं, हा प्रश्न अजून उभा आहे. या वर्षापुरता तो दारात आलेला नाही, एवढंच म्हणता येईल.

या वर्षी ट्रॉली निघाली तेव्हा मी रस्त्यावर होतो. टीव्ही गोधडीत गुंडाळलेला, डिश वर बांधलेली. खाली दादी आणि नात उभ्या होत्या. मुलीने वडिलांना पेन ड्राइव्ह दिला आणि सांगितलं, कुठली फाइल कुठल्या मुलासाठी. पलीकडच्या कोपीतल्या आजोबांसाठी पट्टी आता कोण वाचणार, असंही तिने विचारलं. त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

आता दादींच्या घरात टीव्ही नाही आणि स्मार्टफोनही नाही. जुना बटनांचा फोन तेवढा आहे. मुलगी रोज शाळेतून आदल्या दिवशीचं मराठी वर्तमानपत्र घेऊन जाते आणि संध्याकाळी दादीला वाचून दाखवते. मी एकदा मगरिबनंतर त्या गल्लीतून जात होतो तर आवाज आला. ती वाचत होती आणि दादी मध्येच म्हणाल्या, "आहिस्ता बेटी. ये कागज है, भागता नै."